नदी, जेवण वगळून

नियम

माझे सासरे भगवंतराव आमच्या घरचे पाणी पीत नाहीत.

ते अमरावतीला राहतात, आम्ही अकोल्याला. माझ्या आणि आचलच्या लग्नाला सात वर्षे झाली. ते अधूनमधून येतात, दिवसभर बसतात, पेपर वाचतात, माझ्या चष्म्याच्या दुकानाची चौकशी करतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. येताना पिशवीत पाण्याच्या बाटल्या आणि डबा असतो. दुपारी आमच्याच टेबलाशी, आमच्याच पंख्याखाली बसून ते स्वतःच्या घरून आणलेली पोळी-भाजी खातात. शेजारी सासूबाई, लीलाबाई, त्याच डब्यातून. समोर आम्ही दोघे, गरम जेवण घेऊन, जरा ओशाळलेले.

कारण साधे आहे. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही. पाळणा हलला की नियम सुटतो. त्यांच्या वडिलांनी पाळला, आजोबांनी पाळला. त्याआधीचे कोणाला माहीत नाही, पण त्यांनीही पाळला असणार.

नियमाची व्याप्ती

हात धुणे. चालते. पाणी पोटात जात नाही.

चहा. चालत नाही. चहात पाणी असते.

नुसत्या दुधाचा चहा. आचलने एकदा करून दिला. "साखर कोनाची?" असे त्यांनी विचारले. चहा मी प्यालो.

सुपारी. बराच विचार करून म्हणाले, "अन्न नाही म्हना. पन गियतो ना आपन."

दात. आचल दंतवैद्य आहे. भगवंतरावांची दाढ तिनेच, तिच्या दवाखान्यात काढली. तिथे चूळ भरावी लागते. त्यांनी भरली, थुंकली, आणि मग खात्री म्हणून आपल्या बाटलीतल्या पाण्याने पुन्हा भरली.

"दिवसभर लोकांना आ करायला लावते मी," आचल त्या दिवशी मला म्हणाली. "त्यांनीही केला. पण घास घालायला नाही."

जे अमरावतीला सांगितलेले नाही

आम्हाला मूल नको आहे. लग्नानंतर लवकरच आम्ही हे ठरवले. भांडण झाले नाही, दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या नाहीत. दोघांनाही नको होते, एवढेच. तिने सांगितले, मी हो म्हणालो, आणि आम्ही गॅलरीत झाडे लावली.

म्हणजे भगवंतराव ज्या नियमाला तात्पुरता समजून पाळत आहेत तो कायमचा आहे. हे आम्हाला माहीत आहे. त्यांना नाही. सांगितले तर ते आमच्याकडे कधीच जेवणार नाहीत. नाही सांगितले तरी जेवणार नाहीत, पण वाट पाहत राहतील.

आचलला एवढेच हवे होते, की सांगण्याची वेळ येण्याआधी त्यांनी एकदा तिच्या हातचे खावे. एकदा मोडलेला नियम परत सांधता येत नाही, असा तिचा हिशेब होता.

योजना

"हॉटेलात ठेवलं तर बाहेर जाऊन खातील," आचल म्हणाली. "ट्रेनमध्ये बसवलं तर स्टेशनवर उतरून खातील. बोटीतून कुठं उतरतील?"

"समुद्रात आईंना मळमळेल," मी म्हणालो.

"नदीत नाही मळमळत."

अशी ती नदीवर आली. युरोपात मोठ्या नद्यांवर लांबट, चपट्या बोटी चालतात. आठवडाभर माणसे तिथेच राहतात, तिथेच जेवतात, आणि दोन्ही काठ आपोआप सरकत जातात. आईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे चालणे नको होते. ते काम बोट करणार होती. तिकिटे आचल काढणार. त्यात चहा, नाश्ता, दोन वेळचे जेवण आणि पाणी, सगळे आले.

"पण बाबा येतील कशाला?" मी विचारले.

"वावर पाहायला."

हे तिने बरोबर ओळखले होते. राजवाडा, चर्च, संग्रहालय यांपैकी कशासाठीही भगवंतराव घरातून हलले नसते. पण दुसऱ्याचे वावर पाहायला ते कुठेही जातात. एकदा एका लग्नात वरात दारात आलेली असताना ते मंडपामागच्या तुरीत उभे सापडले होते. म्हणून आचलने अशाच नद्या काढल्या ज्यांच्या दोन्ही काठांवर द्राक्षांचे मळे आहेत.

"ते दारूचे मळे आहेत, आचल. बाबा माळकरी आहेत."

"द्राक्षं पाहायची. प्यायची नाही."

रविवार, जसा ठरवला होता

आम्ही अमरावतीला जाऊ. लॅपटॉपवर फोटो दाखवू. बाबा विचारतील, काय पेरलं आहे? मी सांगेन, द्राक्षं. ते म्हणतील, एवढ्या चढावर कशी? मी म्हणेन, तेच तर पाहायचं आहे. आई म्हणतील, चला. बाबा म्हणतील, पाहू. पाहू म्हणजे हो. जेवणाचा विषय निघणार नाही.

रविवार, जसा झाला

आधी जेवलो. अमरावतीला जावयाने जेवायचे म्हणजे काय असते ते मी सांगत बसत नाही. पुरणपोळीवर तूप ओतणारा हात थांबत नाही, आणि थांबवणाऱ्या हातावरही तूप ओतले जाते.

मग लॅपटॉप उघडला. भगवंतरावांची नदी पाहण्याची पद्धत स्थळ पाहण्यासारखी होती. मूळ कुठले, पुढे कोणाला मिळते, घरात पाणी किती.

पहिली ऱ्हाइन. जर्मनी. प्रत्येक वळणावर टेकडी, टेकडीवर किल्ला, खाली द्राक्षं.

"किल्ल्यात कोन राह्यते?"

"कोणी नाही, बाबा," आचल म्हणाली.

"मंग कायले पाह्यचे?"

दुसरी डॅन्यूब. ऑस्ट्रियातल्या एका खोऱ्यात तिच्या काठी द्राक्षं आणि जर्दाळू दोन्ही पिकतात. जर्दाळूपर्यंत ठीक चालले होते. मग ही नदी दहा देशांतून जाते असे मी सांगितले. ते मी सांगायला नको होते.

"दहा? मंग पान्याची भांडनं होत असतीन." त्यांनी मान हलवली. "भांडनाच्या नदीवर नको."

तिसरी डौरो. पोर्तुगाल. नदी खाली दरीत, आणि दोन्ही बाजूंचे डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या-पायऱ्यांचे. प्रत्येक पायरीला दगडी बांध, प्रत्येक बांधावर द्राक्षांच्या एक-दोन ओळी.

भगवंतरावांनी लॅपटॉप मांडीवर घेतला.

"हे बांध कोनं घातले?"

"माणसांनी. हातानं. दगड फोडून."

"माती कुठून आनली?"

"तो दगडच फोडून केली, म्हणतात."

ते बराच वेळ पाहत राहिले. "येडे हायेत," शेवटी म्हणाले. हे त्यांनी चांद्याच्या एका इंजिनिअरबद्दल एकदाच म्हटलेले मी ऐकले आहे, आणि त्याला पुढे त्यांनी आपली विहीर खणायला बोलावले होते.

लीलाबाई मागे उभ्या होत्या. त्यांचे लक्ष बांधांकडे नव्हते. कोपऱ्यातल्या छोट्या फोटोत बोटीच्या गच्चीवर एक वयस्क बाई खुर्चीत पाय लांब करून बसली होती.

"हे बाई काय करून राह्यली?"

"काही नाही, आई."

"काहीच नाही?"

"बसली आहे."

"कितीक वेळ?"

"दिवसभर बसता येतं."

लीलाबाई हं म्हणाल्या आणि आत जाऊन भांडी आवरू लागल्या.

"आन जेवनाचं काय?" भगवंतरावांनी विचारले.

आचलने माझ्याकडे पाहिले. मी डौरोकडे पाहिले.

"सगळं त्यातच आहे, बाबा."

"तिकीट कोन काढून राह्यलं?"

"मी."

त्यांनी लॅपटॉप हळूच, पोर्तुगालसकट, टेबलावर ठेवला. "मंग जमत नाही."

"तुमचे पैसे तुम्ही द्या, मग?" मी म्हणालो.

"मी माह्ये देतो. तुमचे दोघायचेही देतो. बापानं लेकीचं करावं."

"तुम्ही नाही देणार," आचल म्हणाली. "भेट माझी आहे."

"भेट म्हनून लुगडं दे. लुगडं पोटात जात नाही."

फोन, स्पीकरवर

अमरावतीला राजकमल चौकाजवळच्या प्रवास कंपनीत रागिणी नावाची बाई असते. आचलने चौकशी तिच्याकडेच केली होती. भगवंतरावांनी नंबर मागून घेतला.

"नमस्कार. भगवंतराव बोलतो. थे नदीचं."

"बोला काका. डौरो की ऱ्हाइन?"

"जेवन सोडून काय भाव?"

"म्हणजे?"

"बोट पाह्यजे. जेवन नको."

"काका, जेवण त्यातच असतं. वेगळं काढता येत नाही."

"मी जेवनारच नाही तं?"

"नाही जेवलात तरी ते असतंच."

"कोनासाठी?"

"तुमच्यासाठी."

"मी नाही म्हनून राह्यलो ना."

"उपवास आहे का? सांगून ठेवता येईल. जैनसुद्धा मिळतं."

"उपवास नाही. लेकीचं हाय."

रागिणी इकडचीच. तिला कळले. "अच्छा. ताईंना अजून काही नाही का?"

"नाही."

"माझ्या मोठ्या बाबांचंही असंच होतं. ते स्टोव्ह घेऊन जायचे."

"बोटीत स्टोव चालते?"

"नाही काका."

"दशम्या?"

"दशम्या कोण अडवणार? पण पाणी?"

पाण्यावर सगळे येऊन थांबले. लीलाबाईंनी आतून सांगितले की दशम्या आठवडाभर टिकतील, चटणी टिकेल, ठेचा तर महिनाभर टिकेल. पण विमानात पाण्याची बाटली नेऊ देत नाहीत हे त्यांनी शेजारच्यांकडून ऐकले होते.

निकाल

असल्या प्रश्नांत भाऊबंदांमध्ये शेवटचा शब्द मोतीरामकाकांचा. ते चांदूर रेल्वेला राहतात. भगवंतरावांनी मला गाडी काढायला सांगितली. जावयाला गाडी काढायला सांगता येते का, हा प्रश्न त्यांना पडला असावा, कारण पेट्रोल त्यांनी भरले.

मोतीरामकाका ओट्यावर बाजेवर बसून पपई खात होते. सगळे ऐकून घेतले. पपई संपवली.

"बोट कोनाची?"

"कंपनीची," भगवंतराव म्हणाले.

"पैसा?"

"लेकीचा."

"मंग लेकीचंच घर झालं थे."

"घर कसं होईन? बोट हाय. चालते थे."

"भगवंता, घर म्हनजे का भिंती हायेत? जिथं तिचं चालते, थे तिचं घर. बोटीत कोनाचं चालन?"

भगवंतरावांनी माझ्याकडे पाहिले.

"तिचंच," मी म्हणालो. खोटे कशाला बोलायचे?

"मंग झालं तं." काकांनी हात पुसले. "आता नदीचं म्हनशीन, तं वाहतं पानी कोनाच्या बापाचं नसते. थे पेलं तं चालते."

परतताना भगवंतरावांनी मला रागिणीला मेसेज टाकायला सांगितला. मी टाकला: एका प्रवाशाला जाणून घ्यायचे आहे की नदीचे पाणी काढून पिता येईल का.

उत्तर दुसऱ्या दिवशी आले. कंपनी तसा सल्ला देत नाही. प्रत्येक खोलीत पिण्याचे पाणी मोफत आहे.

"मोफत," भगवंतराव म्हणाले. "म्हनजे लेकीच्या पैशातलंच."

पुढच्या वर्षी

पुन्हा अमरावती, पुन्हा जेवण. भगवंतराव खुशीत होते. त्यांनी तोड काढली होती.

"एवढी घाई कायची? पुढच्या वर्षी जाऊ. नाही तं त्याच्या पुढच्या. तवरिक देव देईनच काही. मंग बोटीत काय, विमानातबी जेवतो मी तुह्या पैशानं."

आचल कढीचे भांडे हातात घेऊन उभी होती. ते तिने खाली ठेवले.

"बाबा, देव देत नाही असं नाही. आम्ही घेत नाही आहोत."

"म्हनजे?"

"आम्हाला मूल नको. ठरवलं आहे आम्ही. कधीचंच."

भगवंतराव त्यावर काय म्हणाले

 

लीलाबाई त्यावर काय म्हणाल्या

"कढी गार होऊन राह्यली."

मूर्तिजापूर

आचल मूर्तिजापूरपर्यंत काही बोलली नाही. मूर्तिजापूरला म्हणाली, "रद्द कर सगळं." मग अकोल्यापर्यंत काही बोलली नाही.

दुकान

काही आठवड्यांनी भगवंतराव एकटेच अकोल्याला आले, आणि घरी न जाता सरळ माझ्या दुकानात आले. दुकानाला नियम लागू नाही. तिथे ते पैसे देऊन वस्तू घेतात.

मी त्यांचे डोळे तपासले. वरची ओळ, खालची ओळ, डावा, उजवा. भिंग बदलत असताना ते म्हणाले, "दोष कोनात हाय?"

"कोणातच नाही."

"तपासलं?"

"तपासायची गरजच नाही पडली, मामाजी. नको आहे, एवढंच."

"हं." मी दुसरे भिंग घातले. "कापूस नको म्हनून लोकायनं सोयाबीन घेतलं. तसं?"

"तसंच काहीसं."

"पन काही तं पेरलंच त्यायनं."

समोरची अक्षरे आता नीट दिसतात का, असे मी विचारले. ते म्हणाले, दिसतात.

निघताना दारात थांबले. "नियम मानूस सोडवत नाही, जवाईबापू. पायनाच सोडवते. पायना नाही, तं नियम कायम. म्हनजे आता मी तुमच्याकडे जेवनार नाही. कधीच." हे त्यांनी गाडी कुठल्या फलाटावर लागते ते सांगावे तसे सांगितले. "तिले सांगजा, राग नाही म्हना."

मी आचलला दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिने दुसरी ऐकली नाही.

लीलाबाई

पुढचे मला रागिणीकडून कळले. लीलाबाई एका दुपारी रिक्षा करून राजकमल चौकात गेल्या. रागिणीने त्यांना पाणी दिले, ते त्यांनी प्यायले, आणि म्हणाल्या, "ज्या नदीवर थे बाई बसली होती, थे नदी पाह्यजे."

"कोणती बाई?"

लीलाबाईंनी पाय लांब करून दाखवले. रागिणीने एकामागून एक फोटो काढले. डौरोवर बोट ठेवून लीलाबाई म्हणाल्या, "हे. दोघीचं करा. मी आन पोरगी. तिकीट पोरगीच काढन."

घरी त्यांनी हे भाजी निवडताना सांगितले. भगवंतराव पेपर वाचत होते.

"जेवन?" पेपरामागून आवाज आला.

"जेवन ना. पोटभर."

"लेकीच्या घरचं?"

"नियम तुमच्या बापाचा. माह्या बापानं नाही सांगतला मले. माह्या बापानं तं आपल्या घरी पह्यल्याच साली पोयी खाल्ली. तवा आचल कुठं होती? तुमीच तं वाढली."

पेपर थोडा खाली आला. "थे पाहुने होते."

"मंग मीबी पाहुनी म्हनून जाईन."

पेपर परत वर गेला. एवढ्यावर ते ठरले. चौघांच्या दोन खोल्यांऐवजी मायलेकींची एक खोली झाली. मी दुकान सांभाळणार होतो. राहता राहिले भगवंतराव. त्यांना गॅस कुठल्या बाजूने पेटतो हे माहीत नाही. लीलाबाईंनी त्यांचीही सोय लावली: "यायले अकोल्याले ठेवा. तिथं खानावय हाय, दवाखाना हाय, जवाई हाय."

डौरो, ऐकलेली

लीलाबाईंना लिहिलेला मेसेज आवडत नाही. त्या बोलून पाठवत. मी ते स्पीकरवर लावी आणि भगवंतराव कानाला हात लावून ऐकत.

"पोहोचलो. खोली आपल्या देवघराएवढी हाय. पन खिडकीत नदी हाय."

"आज बोट एका हौदात टाकली. दोन्हीकडून दार लावलं, पानी भरलं, आन बोट अशी वर आली. पुढचं दार उघडलं. कोनी घाबरलं नाही, म्हनून मीबी घाबरली नाही."

"अवो, बांध पाह्यले. लय हायेत. एका मानसाले इचारलं, कोनं घातले. तो हसला. त्याले मराठी येत नाही."

"द्राक्ष तोडून राह्यले हायेत. बायाच जास्त. ऊन आपल्यापेक्षा कमी हाय, पन कंबर तितकीच दुखत असन."

"आज थे देल्लं मले, छोट्या गिलासात. आचल म्हने, नको घेऊ. म्या जीभ लावून पाह्यली. बायंतपनात द्राक्षासव घेतलं होतं ना म्या, तेच हाय. उगाच नाव मोठं."

"दिवसभर गच्चीवर बसून होतो. काही केलं नाही. पह्यल्या दिवशी जमलं नाही, दुसऱ्याच्या टेबलावरचे कप उचलून ठेवले. आता जमते."

एक मेसेज त्यांनी फक्त मला पाठवला, पण तोपर्यंत स्पीकर लावायची सवय झाली होती. "जवाईबापू, आचल माह्यासमोर बसते आन मी जेवतो तं माह्या तोंडाकडे पाह्यते. घास घेतला की पाह्यते. मले लाज वाटते. पन म्या म्हनलं, पाहू दे."

भगवंतराव उठून गॅलरीत गेले आणि आमच्या झाडांची वाळलेली पाने तोडत बसले.

अकोला

खानावळ कोपऱ्यावर आहे. भगवंतराव तिथून दोन वेळ जेवून येत आणि पाण्याच्या बाटल्या भरून आणत. खानावळीची भाजी तेलात पोहते. पहिले काही दिवस ते म्हणाले, चांगली हाय. मग म्हणाले, बरी हाय. मग ते काही म्हणाले नाहीत. आल्याबरोबर आडवे झाले आणि पोटावर हात ठेवून पंख्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी दुकान लवकर बंद केले. मुगाचे वरण लावले, भात लावला. मला तेवढेच येते. दोघांची ताटे घेतली, एक त्यांच्यासमोर ठेवले आणि दुसऱ्यासमोर मी बसलो.

"हे नाही चालत," ते म्हणाले.

"खानावळीचं चालत नाहीये. हे पोटाला चालेल."

"पोटाचा प्रश्न नाही."

"मामाजी, मोतीरामकाका काय म्हणाले होते? जिथं तिचं चालतं ते तिचं घर."

"म्हनले होते."

"ती तर पोर्तुगालला आहे. सध्या इथं माझं चालतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग घराकडे. स्वयंपाकघराच्या दारावर आचलने कागद चिकटवला होता: दूध उकळणे, ओला कचरा वेगळा, मोगऱ्याला जास्त पाणी नको, पायपुसणे वाळवणे. त्यांनी तो नव्या चष्म्यातून सगळा वाचला.

"तुमचं चालते?"

"थोडं."

त्यांनी विचार केला. वरणातून वाफ येत होती. जावयाच्या घरी जेवू नये असे आजोबांनी म्हटले होते का, वडिलांनी म्हटले होते का, हे ते आठवत असावेत.

"जवायाच्या घराचं कोनी काही सांगतलं नाही," ते शेवटी म्हणाले, आणि भात कालवला.

पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मी माझ्या ताटाकडे पाहत राहिलो. घास कोणी मोजलेला त्यांना आवडला नसता. तिसरा घास तोंडात असताना फोन वाजला. फोन टेबलावरच, भांड्याला टेकवलेला होता. मी सवयीने बटण दाबले.

पडद्यावर आचल आली. मागे नदी, नदीमागे पायऱ्यांचा डोंगर, ऊन.

"शेखर, मोगऱ्याला पाणी किती—"

ती थांबली. तिला माझे अर्धे तोंड दिसत असणार आणि त्यामागे पूर्ण भगवंतराव. ताट. वरणाने भरलेली बोटे. फुगलेला गाल.

भगवंतरावांचा हात ताटावर तसाच राहिला. गिळता येईना, थुंकता येईना. आचलही हलत नव्हती. फोन अडकला असे मला वाटले, पण तिच्या मागची नदी चालली होती.

मग आचलने विचारले, खुर्चीत बसलेल्या पेशंटला विचारावे त्या आवाजात, "बाबा, मीठ बरोबर आहे का?"

भगवंतरावांनी घास गिळला.

"जास्त हाय."

"उद्या कमी टाकायला सांगते यांना."

भगवंतरावांनी पुढचा भात कालवायला घेतला.

"सांग," ते म्हणाले.